चिमूटभर नीळ

सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात एक पेटी आहे,
माणूस खांद्यापर्यंत आत वाकेल एवढी.
आतून राखाडी. राखाडीच,
कारण भिंतीनं आपलं मत द्यायचं नसतं.
वर चार नळ्या: एक ढगाळ दुपारची,
एक दुकानातली, एक घरच्या पिवळ्या बल्बाची,
आणि एक जांभळी, जिच्याखाली माझी नखंसुद्धा
दुसऱ्या कुणाची वाटतात.

लिपस्टिक नको, लाल ओढणी नको.
पाहण्याआधी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं,
डोळ्यांतलं बाहेरचं ऊन उतरू द्यायचं.
हे खासगीवाले काकांनी शिकवलं, पहिल्याच सकाळी,
पोह्यांचा कागद माझ्या हातातून काढून घेत:
"जिरावण बोटांना लागतं. धुऊन ये."

काका मिलमधले. तिथं पेटी नव्हती.
छपराला करवतीचे दात होते, सगळे एकाच दिशेला वळलेले,
आणि त्यांतून उतरायचा तो थंड, सावली न पाडणारा उजेड.
"उत्तर खोटं बोलत नाही," म्हणायचे,
मी बराच काळ समजत होते, गणिताबद्दल बोलतात.
मिल बंद पडली. छप्पर भंगारात गेलं.
काका प्लास्टिकला रंग द्यायला आले.

दोन तुकडे एका नळीखाली सख्खे भाऊ,
कळ फिरवली की एक परका.
इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे.
काकांचं नाव: मांडवात शोभलेलं स्थळ.

पण सगळ्यांत अवघड पांढरा.
स्विचबोर्डाच्या पट्ट्यांचा एक पांढरा होता,
काकांनी पाहिला, सही केली. चालेल.
मला तो सायीकडे झुकलेला दिसत होता.
पुन्हा दोन मिनिटं थांबले.
साय.

साडेपाचला ते राजवाड्याच्या बसला निघून गेले,
आणि मी पंचवीस किलोत पाच ग्रॅम नीळ टाकली,
आई शेवटच्या पाण्यात बाबांच्या सदऱ्याला देते, तशी,
दिसू नये पण असावी.
नोंदवहीत लिहिलं. खोटं नाही लिहिलं,
फक्त अक्षर बारीक काढलं.

फाल्गुनात त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
महिन्यानं आले. पेटीसमोर उभे राहिले
दोन मिनिटं, मग चार.
डावा झाकला. उजवा झाकला. परत डावा.
"अगं वृंदे, एका डोळ्यात दुपार आहे
आणि दुसऱ्यात चहा."
मी हसले.
ते नाही हसले.

खण उघडून त्यांनी पाकिटं काढली.
प्रत्येकात दोन पांढरे: त्यांनी पास केलेला,
आणि प्रत्यक्षात गाडीत चढलेला.
उजव्या डोळ्यानं एकेक पाहत गेले.
बाहेर फोर्कलिफ्ट मागं येताना किंचाळत होती.
नोंदवही मागितली.
"तू नीळ टाकून राहिली होतीस."
"हो."
"किती दिवस?"
"दोन वर्षं. एकवीस लॉट."

मी पायाखालच्या लाद्या मोजत होते.
त्यांनी पेन काढलं,
माझ्या बारीक अक्षराशेजारी सही केली,
खाली तारीख आजची. मग पान उलटलं.
एकवीस सह्या व्हायला वेळ लागतो.
मधेच एकदा रीफिल अडकली, त्यांनी ती तळव्यावर घासली,
तळव्यावर निळी रेघ.

मग मान वर करून नळ्यांकडे पाहिलं,
"किती तास झाले ह्यांचे?"
"अठराशे चाळीस."
"दोन हजारला बदलायच्या. जळताहेत म्हणून ठेवू नकोस.
नळी विझत नाही, पिवळी पडत जाते,
आणि तिला काही कळत नाही."

चष्मा पुसला, जो आता अर्धाच लागत होता.
"डावा पुढच्या महिन्यात.
तोवर पांढरे तू बघ.
लाल मी बघतो."